कोमट पाण्यावरचा तुकडा

माझी वहिनी माणसं कापते. नवीन ओळख झालेल्या माणसाला मी हे मुद्दाम सांगतो आणि त्याचं तोंड बघत बसतो. दादा माझ्याकडे डोळे वटारून बघतो. वहिनी मात्र हातातलं काम न सोडता म्हणते, "माणसं नाही हो, माणसांचे तुकडे." त्यावर पाहुणा चहाचा कप खालीच ठेवतो.

आता नीट सांगतो, नाहीतर तुम्हीही कप खाली ठेवाल. वहिनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला आहे. ऑपरेशनमध्ये कुणाची गाठ निघते, कुणाच्या पोटातून नाहीतर घशातून तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढतात, ते औषधी पाण्याच्या डबीतून तिच्याकडे येतात. त्यातलं पाणी काढायचं, मग ते मेणात बसवायचे. त्या मेणाच्या वडीला ही मंडळी ब्लॉक म्हणतात. ब्लॉक यंत्रावर चढवायचा आणि पात्यावरून फिरवून काप काढायचा. काप किती पातळ, तर केसाच्या जाडीत असे कितीतरी बसतील. एकाला एक चिकटून त्यांची फीत निघते. ती फीत कोमट पाण्याच्या काळ्या भांड्यात सोडली की सुरकुत्या जातात, मग पाण्यात काच तिरकी घालून अलगद उचलायची. काचेवर रंग चढला की ती डॉक्टर मॅडमच्या मायक्रोस्कोपखाली जाते, आणि आजार कोणता ते मॅडम ठरवतात. निदान मॅडमचं असतं, पण काप वहिनीचा असतो.

मेण कोरडं पडलं तर कापाचा चुरा होतो. तेव्हा वहिनी ब्लॉकजवळ तोंड नेते आणि हळूच श्वास सोडते, आपण चष्म्याच्या काचेवर सोडतो तसा. पुढचा काप सरळ येतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसूच आलं होतं, एवढं महागडं यंत्र आणि शेवटी फुंकरीवर चालतं. आणि एक ब्लॉक संपला की पुढचा घ्यायच्या आधी टिपकागदानं पाण्याचा वरचा थर पुसून घ्यायचा. एखादा कण पाण्यावर तरंगत राहिला तर एका माणसाचा तुकडा दुसऱ्या माणसाच्या काचेवर चढतो. हे पुसणं वहिनीच्या हाताला इतकं बसलंय की घरीसुद्धा भांडी घासून झाली की ती ओट्यावरून दोनदा फडकं फिरवते.

मी लिफ्टचा मेकॅनिक. त्याच हॉस्पिटलच्या लिफ्ट माझ्याकडे आहेत, म्हणून या दोन गोष्टी मला डोळ्यांनी बघता आल्या. माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला आश्चर्य वाटायला नको. लोक फोन करतात आणि म्हणतात, "लिफ्ट बिघडलीय, या." अरे बाबा, बिघडलीय म्हणजे काय झालंय? हिसका देते, अडकते, दार लागत नाही, की नुसताच आवाज येतो? यावर लोकांचं उत्तर असतं, "ते तुम्ही बघा ना." माझं डोकं तिथेच सटकतं.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा तिनं मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच, फक्त माणसांबद्दलची. आईनं सकाळी तक्रार केली होती, "मला आज बरं नाही, अंगात कसकस आहे." वहिनी म्हणाली, "आई, कसकस हे लक्षण झालं. ते तुम्हाला कळतं, मला दिसत नाही." मग थर्मामीटर लावला आणि म्हणाली, "हा ताप आला, हे चिन्ह. हे मला मोजता येतं. आजार अजून या दोन्हींच्या मागे बसलाय, तो आपण बघितलेलाच नाही." आई म्हणाली, "मग मी झोपू की बसू?" पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बिल्डिंगमधल्या काकूंना हिसका जाणवतो ते लक्षण, मला तार झिजलेली दिसते ते चिन्ह, आणि तार का झिजली ते कारण. मी इतकी वर्षं हेच करत होतो, फक्त त्याला नावं आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात ही भाषा सुरू झाली. अचानक येऊन जोरात चढतं ते तीव्र, आणि वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतं ते जुनाट. आईच्या कुरकुरीला दादानं जुनाट म्हटलं, तेव्हा आईनं त्याला जेवायला वाढलं नाही. तेही जुनाटच. ज्या आजाराचं कारण सापडत नाही त्यालाही डॉक्टरांनी एक नाव देऊन ठेवलंय, ते वहिनीकडून कळल्यावर माझ्या रागाचं निदान घरात एकमतानं झालं. आईचा गुडघा सुजला तेव्हा वहिनी बोटांवर मोजत म्हणाली, "लाली, ऊब, सूज, दुखणं आणि पाचवं, त्या भागाला काम न करता येणं. ही सुजेची पाच चिन्हं." आई म्हणाली, "पाचवं मला सोयीचं आहे," आणि पलंगावर आडवी झाली.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, माझ्या पाठीवरची गाठ काढेपर्यंत. लिंबाएवढी गाठ होती, दुखत नव्हती, पण वहिनी काही ऐकेना. काढली, तपासली, साधी निघाली. तेव्हा वहिनीनं मॅडमना विचारून मला वर बोलावलं आणि म्हणाली, "भाऊजी, स्वतःला आतून बघायचंय?"

मॅडमच्या मायक्रोस्कोपमधून एका वेळी दोघांना बघता येतं. एका बाजूला त्या बसल्या, दुसऱ्या बाजूला मी. आधी मला माझी पापणीच दिसत होती. मग मॅडमनी काहीतरी फिरवलं आणि मी गप्प झालो. मी गप्प झालो हे वहिनी अजून लोकांना सांगते. खाली गोल गोल खोल्या होत्या, भिंती अगदी बारीक, नजर जाईल तिथवर खोल्याच खोल्या, आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीला टेकून एक जांभळा ठिपका. मॅडम म्हणाल्या, "या चरबीच्या पेशी. चरबी आमच्या रसायनांत विरघळून गेली म्हणून खोल्या रिकाम्या दिसतात. ठिपका म्हणजे पेशीचं केंद्र. ही गाठ जागच्या जागी वाढते, शेजारी घुसत नाही, म्हणून साधी."

"आणि वाईट असती तर बाहेरून काय आलं असतं?" मी विचारलं.

"बाहेरून काहीच नाही. तुमच्याच पेशी. त्या थांबायचं विसरतात, आपलं काम सोडतात आणि शेजाऱ्याच्या घरात शिरतात."

मी एवढी वर्षं या शरीरात राहतोय, त्याला खायला घालतोय, त्याच्यावर चिडतोय, आणि आत ही एवढी वस्ती निमूटपणे आपापलं काम करतेय याचा मला पत्ताच नव्हता. मी मॅडमना तसं म्हणालो. त्या हसल्या. म्हणाल्या, "माणूस आजारी का पडतो हे शिकायला मी या विषयात आले. आता इतक्या वर्षांनी मला वेगळंच नवल वाटतं. रोज एवढ्या पेशी मरतात, नव्या होतात, त्यांत चुका होतात, त्या दुरुस्त होतात, आणि माणूस सकाळी उठून भाजी आणायला जातो." मी वहिनीकडे बघितलं. ती दाराशी उभी होती आणि तिचा चेहरा असा होता की जणू ते सगळं तिनंच बांधलंय. त्या दिवसापासून मी तिची थट्टा करतो ती जरा जपून.

आता दादाबद्दल. दादा म्हणजे आमच्या शहराच्या बसस्टँडचा आवाज. अमुक गाडी तमुक फलाटावर लागते आहे, हे जे कर्ण्यातून ऐकू येतं ते दादा बोलतो. मित्र त्याला भोंगा म्हणतात. त्याला चेहऱ्यानं कुणी ओळखत नाही, पण दुकानात उभं राहून त्यानं साबण मागितला की माणसं मागे वळून बघतात. हाच आवाज ऐकून वहिनीनं त्याला पसंत केलं. तसं ती कबूल करत नाही, पण रोज कामावरून येताना ती स्टँडवरून लांबच्या वाटेनं येते हे सगळ्यांना माहीत आहे.

तो आवाज बसला. दादा म्हणाला, धूळ आहे. मग म्हणाला, सर्दी आहे. वहिनी म्हणाली, "सर्दी तीव्र असते, येते आणि जाते. हे गेलेलं नाही. आवाज बसणं हे लक्षण झालं, आता चिन्ह बघायला पाहिजे." दादानं टाळलं, तशी तिनं एक दिवस त्याच्या कामाच्या खोलीत जाऊन त्याच्या साहेबांसमोरच त्याला उठवलं आणि घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी घशात कॅमेरा घातला. स्वरतंतूंवर एका जागी पांढरट, जाड असं काहीतरी होतं. हे चिन्ह. त्यावरून ते कशाचं हे सांगता येत नव्हतं, म्हणून तुकडे काढून तपासायला दिले. डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, "नुसता ताण आणि सूज असेल तर विश्रांतीनं बरं होईल. वाईट निघालं तर किरण द्यावे लागतील. आणि त्यानंही भागलं नाही तर आवाजाची पेटी काढावी लागेल. आत्ता मी यापेक्षा जास्त सांगू शकत नाही." तोवर बोलणं बंद. आमच्या घरात दादा गप्प आणि मी बोलतोय, हे आईला बघवेना.

त्या लॅबचा एक नियम आहे. आपल्या माणसाचा ब्लॉक आपण कापायचा नाही, शेजारच्या टेबलावर द्यायचा. ब्लॉकवर नुसता नंबर असतो, पण दादाचा नंबर वहिनीला माहीत होता. नसेल कसा? त्या दिवशी घशाचे ब्लॉक ओळीनं लागले होते. एक कापून झाला, फीत उचलली, आणि बघते तर पुढचा दादाचा. तो उचलून शेजारी द्यायचा होता. तिच्यानं तो देववला नाही. "दुसऱ्या कुणाच्या हातून चुरा झाला असता तर?" असं ती नंतर म्हणाली. तिनं तो यंत्रावर चढवला, त्यावर श्वास सोडला आणि कापला. असा सुरेख काप गेल्या कित्येक महिन्यांत आला नव्हता, हेही तीच म्हणाली. फक्त मधे पाणी पुसायचं राहिलं.

पुसायचं राहिलं हे तिला तेव्हा कळलंच नाही. रिपोर्ट यायला उशीर व्हायला लागला आणि एका संध्याकाळी ती घरी आली ती चपलाही न काढता खुर्चीत बसली. दादा, आई, मी, सगळे समोर. तिनं काहीच लपवलं नाही.

"मॅडमनी रिपोर्ट अडवून ठेवलाय," ती म्हणाली. "काचेवर जे तुकडे आहेत त्यांत नुसती सूज आहे. पण एका तुकड्यात वाईट पेशी आहेत. तो तुकडा बाकीच्यांपासून सुटा पडलाय, एका कापाच्या कडेवर चढून बसलाय. मॅडमना शंका आहे की तो ह्यांचा नसेल, पाण्यावरून आला असेल. त्यांनी मला विचारलं, पाणी पुसलं होतंस का? आणि मला आठवेना. मग आठवलं."

"म्हणजे काय?" आईनं विचारलं.

"म्हणजे तो तुकडा ह्यांचा असेल तर कर्करोग आहे. नसेल तर नाही. हे माझ्यामुळे कळेनासं झालंय."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "नियम कशासाठी असतात गं, वहिनी? तुलाच सांगायला पाहिजे का हे? लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना मी वरचं बटण बंद केलं नाही तर चालेल का?" आणखीही बोललो असतो. दादानं हात वर केला. त्याला बोलायला बंदी होती, तरी तो बसक्या आवाजात बोललाच. "तिनं दुसऱ्याला दिला असता तर मी चिडलो असतो." आणि त्यानं उठून वहिनीच्या पायांतल्या चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

ते दिवस कसे गेले ते सांगत नाही. आईनं देवाधर्माचं काय काय मनाशी बोलून ठेवलं ते तिचं तिला माहीत. दादा खिडकीशी बसायचा आणि ओठ नुसते हलवायचा. मी जवळ गेलो तेव्हा कळलं, तो गाड्यांची नावं म्हणत होता. मला तिथे उभं राहवलं नाही.

उपाय एकच होता. मेणात जे उरलं होतं ते पुन्हा, खोलवर कापायचं. वाईट पेशी दादाच्या असतील तर मेणात त्यांचा उरलेला भाग दिसेल. पाण्यावरून आल्या असतील तर मेणात काही नसेल. पण तुकडा कणीएवढा, त्यातला बराच आधीच कापून झालेला. एक काप जरी वाया गेला तरी पुरावा तेवढा कमी. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं ब्लॉक उजेडासमोर धरला आणि परत ठेवला. म्हणाला, "मॅडम, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मी त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार तपासत होतो. दाराला काहीही झालेलं नव्हतं. तिथून लॅबच्या काचेतून आतलं दिसतं, म्हणून मी तिथे होतो. मॅडम बाहेर आल्या, मला बघितलं आणि म्हणाल्या, "आत या, पण बोलू नका." मी हातातला पाना जमिनीवर ठेवून आत गेलो.

वहिनी म्हणत होती, "मॅडम, नियम आहे ना. मी एकदा मोडला, बघितलंत काय झालं."

"नियम माझा आहे," मॅडम म्हणाल्या. "काप तुम्ही काढा. पाणी मी पुसते."

आणि खरोखर त्या स्टूल ओढून पाण्याच्या भांड्याशी बसल्या, बाह्या वर सारल्या आणि हातात टिपकागद घेतला. भांड्यातलं पाणी नवीन भरलं होतं. वहिनीनं मेण घट्ट व्हायला ठेवलेला ब्लॉक बर्फावरून उचलला. मेणाच्या मधोमध एक फिकट डाग दिसत होता, एवढाच दादा तिथे उरला होता. तिनं पातं बदललं, ब्लॉक बसवला. हात स्थिर होते. ती खाली वाकली आणि त्या मेणावर श्वास सोडला. माझ्या मनात आलं की या बाईनं हजारो माणसांवर असाच श्वास सोडला असेल, आणि त्यांतल्या एकालाही ते ठाऊक नाही. मला खूप लाज वाटली की मी एकदा या गोष्टीला हसलो होतो.

चाक फिरलं. काप आला, दुसरा आला, फीत झाली. ती पाण्यावर गेली, ताणली गेली, काचेवर आली. मॅडमनी पाणी पुसलं. पुन्हा श्वास, पुन्हा चाक. मी तोंडावर हात धरून उभा होतो. शेवटी मेणात डाग उरलाच नाही, नुसतं मेण उरलं, आणि वहिनीनं यंत्राला खीळ घातली.

काचा रंगवून होईपर्यंत मी बाहेर जिन्यावर बसलो. मग मॅडम मायक्रोस्कोपला बसल्या. एकेक काच त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली, घाई केली नाही. वहिनी त्यांच्या मागे उभी होती आणि खुर्चीची पाठ तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

"सूज आहे," मॅडम म्हणाल्या. "ताण पडून जाड झालेला थर आहे. वाईट काही नाही. कुठेच नाही. तो तुकडा तुमच्या मिस्टरांचा नव्हता."

मी ओरडणारच होतो. खिशातून फोन काढला, दादाला सांगायला. वहिनीनं माझं मनगट धरलं.

"थांबा भाऊजी," ती म्हणाली. "तो कुणाचा तरी आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या तुकड्याला एक माणूस होता. त्याच्या कापातून वाईट तेवढा कण निसटून पाण्यावर राहिला, आणि त्याच्या रिपोर्टवर लिहिलं गेलं की काही नाही. तो रिपोर्ट त्याला मिळालाही होता. मॅडम तोवर उठल्या होत्या. दादाच्या आधीचा ब्लॉक त्यांनी स्वतः कपाटातून काढून आणला. वहिनीनं डोळे पुसले, हात धुतले आणि पुन्हा यंत्राशी बसली. त्या मेणात खोलवर वाईट पेशींची तीच जात सापडली. अगदी लहान, एका कोपऱ्यात, अजून खालच्या थरात न उतरलेली.

दादाला फोन केला तेव्हा वहिनी शेजारीच होती, पण फोनवर बोलेना. मी एवढंच म्हणालो की तुझं काही नाही. तो रडला. मग त्यानं खुणेनं काम भागत नाही म्हणून बोलूनच विचारलं, "मग ती इतकी गप्प का आहे?"

त्या माणसाला बोलावणं गेलं. तो आला तेव्हा मी लिफ्टमध्येच होतो, या खेपेला खरंच काम होतं. साठीच्या आसपासचे काका, स्वच्छ शर्ट, खिशात कंगवा. म्हणाले, "तिसरा मजला." आवाज दादासारखाच बसका. मला काय ते समजलं.

काका मात्र खुशीत होते. "मागच्या आठवड्यात सांगितलं, काही नाही म्हणून. आता पुन्हा बोलावलंय. कागदावर सही राहिली असेल त्यांची," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "राग मानू नका, पण तुमचे कल्ले वरखाली आहेत. माझं सलून आहे. तिथे माणसं केस कापायला कमी आणि माझ्याशी बोलायला जास्त येतात. बसलेल्या आवाजावरसुद्धा येतात. इथले डॉक्टर चांगले आहेत ना हो?"

"चांगले आहेत," मी म्हणालो. "खूप नीट बघतात." दार उघडलं, तर समोर वहिनी उभी होती. तिनं यायची गरज नव्हती, मॅडमनी तसं तिला सांगितलंही होतं. इतकी वर्षं तिनं माणसांचे तुकडे बघितले, त्यांचा माणूस कधी बघितला नव्हता. ती त्यांच्याकडे बघतच राहिली, आधी गळ्याकडे, मग चेहऱ्याकडे.

"या काका," ती म्हणाली. "मॅडम वाट बघतायत."

काका आत बराच वेळ होते. बाहेर आले ते सावकाश चालत आले आणि बाकावर बसले. आम्ही दोघं तिथेच होतो. त्यांनी खिशातला कंगवा काढला, बघितला, परत ठेवला.

"फार लवकर सापडलंय म्हणाल्या," ते म्हणाले. "किरण घ्यायचे. आवाज बहुतेक राहील म्हणाल्या." मग म्हणाले, "आणि आधीचा रिपोर्ट चुकला होता, ती लॅबची चूक, हेही त्यांनीच सांगितलं. कुणाच्या हातून झालं हो?"

"माझ्या," वहिनी म्हणाली. "तुमचा तुकडा माझ्या नवऱ्याच्या काचेवर गेला, काका. तुम्हाला काही नाही असं कळलं आणि आम्हाला वाटलं, ह्यांना आहे."

काकांनी ते मनात नीट लावून घेतलं. "म्हणजे एवढे दिवस माझी भीती तुमच्या घरी होती," ते म्हणाले.

"हो."

"आणि मी घरी मजेत." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "नातीला घेऊन तळ्यावर गेलो. होडीत बसलो. बायकोशी वर्षभरात बोललो नसेन एवढं बोललो. बरे गेले हो ते दिवस." मग त्यांनी वळून वहिनीकडे बघितलं आणि त्या बसक्या आवाजात म्हणाले, "तुमच्या मिस्टरांना सांगा, माझ्यामुळे त्यांना त्रास झाला."

वहिनी त्यांच्या शेजारी बाकावर बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मी इतक्या वर्षांत तिला असं रडताना बघितलं नव्हतं. काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. लिफ्ट खाली कुणीतरी बोलावत होतं, बटण पुन्हा पुन्हा दाबत होतं. मी दार धरून उभा राहिलो.